बारा वर्षांच्या पिंपाला पुण्याचा शेरा

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे "पुण्याला कशाला गेल्या होत्या?" या प्रश्नाला परतल्यापासून मी गल्लीत तीन वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. एकीला सांगितलं, बहिणीकडे. दुसरीला सांगितलं, परीक्षक म्हणून. तिसरीनं "कशाची परीक्षा?" असं खोदून विचारलं तेव्हा "रसायनशास्त्राची" असं म्हणाले. तिन्ही उत्तरं खरी आहेत. नीट सांगायचं तर मी तीन दिवस पुण्यात होते, त्यातली एक अख्खी सकाळ व्हिस्कीचा वास घेण्यात गेली, आणि इतकी धाकधूक आणि इतकं हसू एकाच प्रवासात मला यापूर्वी कधी भेटलं नव्हतं.

बहीण म्हणजे शुभा, माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ती रसायनशास्त्र शिकून एका छोट्या कंपनीत व्हिस्की तयार करायला लागली. बारा वर्षांपूर्वी तिनं ओकच्या लाकडाचं एक पिंप स्वतःच्या हातांनी भरलं. आत सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की. पिंपातून निघेल तशी, पाण्याचा थेंबही न घालता बाटलीत भरायची, हे तिचं स्वप्न. याला त्या धंद्यात कास्क स्ट्रेंथ म्हणतात. अडचण अशी, की थंड देशात पिंपातलं थेंबाथेंबानं उडतं ते आपल्या उन्हाळ्यात तांब्यातांब्यानं उडतं. आपल्याकडे बारा वर्षं कोणी थांबत नाही. शुभा थांबली. दरवर्षी पिंप हलकं होत गेलं आणि हिचा जीव त्यात अधिक अडकत गेला.

कंपनीचे शेठजी मूळचे नागपूरचे, आता पुण्यातच राहणारे. मनाचे चांगले, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. त्यांनी शुभाला एक अट घातली. पुण्यात सदाशिव पेठेत दातार सर म्हणून एक जुने जाणकार आहेत. त्यांच्या घरी तिघं जण कोणता ग्लास कुणाचा हे न कळता चव घेतील. "तिघांतल्या दोघांनी चांगली म्हटलं, तं तुमच्या नावानं वेगळ्या बाटल्या भरू," शेठजी म्हणाले. "नाही म्हटलं, तं पिंप आपल्या साध्या व्हिस्कीच्या टाकीत ओतून टाकू. मंजूर आहे नं?"

शुभानं मंजूर म्हटलं आणि मला फोन केला. "ताई, तू येऊन जा. मला एकटीनं निकाल ऐकवणार नाही."

गुरुवार, सिंहगड रोड

गोरसपाकाचे चार डबे घेऊन मी शुभाच्या भाड्याच्या फ्लॅटवर पोचले. गोरसपाक म्हणजे आमच्याकडची तुपातली खुसखुशीत बिस्किटं. आल्या आल्या तिनं मला खाली मिसळ खायला नेलं. पुण्यात मिसळीबरोबर पाव न देता ब्रेडचे स्लाइस देतात, हे पाहून मी आधीच गंभीर झाले होते. तेवढ्यात वाढणाऱ्यानं विचारलं, "काकू, सँपल देऊ?"

मला वाटलं, चव घेऊन बघा म्हणतोय. मी म्हटलं, "आता काय सँपल देता, अर्धी प्लेट तर संपली माझी!" तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. शुभा हसून हसून टेबलावर आडवी झाली. पुण्यात मिसळीच्या वरच्या रश्श्याला सँपल म्हणतात, हे मला साठाव्या वर्षी समजलं. रस्सा आमच्या तर्रीपुढे अगदीच सोज्वळ होता, पण मी वाटीभर घेतला.

संध्याकाळी तिनं मला व्हिस्की कशी चाखतात ते दाखवलं. ग्लास पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता. नाक एकदम आत घालायचं नाही, ओठ किंचित उघडे ठेवायचे, आधी डावीकडून, मग उजवीकडून वास घ्यायचा. मी अर्थातच नाक आत घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, वास काही कळलाच नाही आणि अर्धा गोरसपाक साडीवर सांडला.

"हे साठ टक्के आहे गं," शुभा म्हणाली. "याला घाई केलेली चालत नाही."

"मग तू काय करून राहिली बारा वर्षं? याची मर्जी सांभाळून राहिली?"

"हो," ती म्हणाली. चेष्टेतलं उत्तर नव्हतं ते. मला एकदम वाटलं की आपण हिच्या कामाबद्दल आजवर काहीच विचारलं नाही, आणि मला त्याची लाज वाटली.

शुक्रवार, सदाशिव पेठ

परीक्षा सकाळी अकराला होती. सकाळी अकराला व्हिस्की ऐकून मी दचकले, तर दार उघडणाऱ्या मालतीबाई म्हणाल्या, "दुपारनंतर नाकाला काही कळत नाही. माणसांनाही फारसं कळत नाही." या दातार सरांच्या पत्नी, आणि स्वतःही परीक्षक. सर आतून आले. सडपातळ, इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर एक रेष हलेल तर शपथ.

तिसरा परीक्षक अनिकेत, आयटीतला तरुण, आला तोच शिंकत. "सर, आय ॲम टोटली फाइन. जस्ट थोडं नाक ब्लॉक आहे."

"नाक आणलं असतंत तर बसवलं असतं," सर म्हणाले. "आता आत जाऊन ग्लास भरा. हात तरी चालू असतील."

म्हणजे तिसरी खुर्ची रिकामी. सर माझ्याकडे वळले. "आपण काय करता?"

"वनस्पतिशास्त्र शिकवत होते."

"वास येतो?"

"कुणाला?" मी घाबरून विचारलं.

"आपल्या नाकाला."

शुभा मध्ये पडली. "सर, ताई माझी सख्खी बहीण आहे. शेठजींना चालणार नाही."

"ग्लासांवर आडनावं लिहिलेली नसतात. आपण आता खाली जा. बनवणारा माणूस खोलीत असला की परीक्षकांना उगाच दया येते."

शुभा गेली. मी खुर्चीत बसणार एवढ्यात मालतीबाईंनी हवा हुंगली. "आवळ्याचं तेल?" मी मान डोलावली. रात्रीच डोक्याला चोपडलं होतं. त्यांनी आतून पांढरा टॉवेल आणला आणि माझं डोकं कानांसकट गच्च गुंडाळलं. अशा रीतीनं, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी मी, आयुष्यातल्या पहिल्या परीक्षकपदावर विराजमान झाले.

अनिकेतनं तीन ग्लास मांडले, त्यांवर काचेची झाकणं. एक, दोन, तीन. एक स्कॉटलंडची, एक आपल्याकडचीच दुसऱ्या कुणाची आणि एक शुभाची. कुठली कोणती ते फक्त अनिकेतला माहीत. तशी चिठ्ठी लिहून, घडी चिकटवून तो शिंकत शिंकतच घरी गेला. मध्ये चुरमुऱ्यांचं ताट. एका ग्लासाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंड कोरं करायला साधे चुरमुरे चावायचे, मीठसुद्धा नाही. शेजारी पाण्याचा तांब्या आणि औषधाचा ड्रॉपर.

"पाणी कुठलं?" मी विचारलं.

"खडकवासल्याचं. उकळून गार केलेलं," सर म्हणाले. "स्कॉटलंडहून मागवायची पद्धत या घरात नाही."

पहिल्या ग्लासाला ओल्या पेंढ्याचा आणि बिस्किटांचा वास होता. छान होती, पण तोंडात रेंगाळली नाही. तिसऱ्याला शेकोटीचा धूर आणि दवाखान्यातल्या मलमपट्टीचा वास. मला ती आवडली, का आवडली ते मात्र सांगता येईना.

दुसऱ्या ग्लासानं आधी मला निराश केलं. वास बंद, कोंदट, भिजून वाळलेल्या पोत्याचा. सरांनी ड्रॉपरनं तीन थेंब पाणी सोडलं आणि म्हणाले, "थांबा." दहा मिनिटं आम्ही झाकणाकडे बघत बसलो. मग मी झाकण काढलं आणि खोली बदलली असं वाटलं. आमच्या मामांच्या गावी गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला गुळाची खरवड धरायची, तो वास. त्यामागून वाळलेली संत्र्याची साल. मग जायफळ. जिभेवर आधी झणका, मग गोडी, मग सुपारीचा तुरटपणा. आणि गिळून झाल्यावरही ती चव जायचं नावच घेईना. मी चुरमुरे खायचे विसरले. मला फार आनंद झाला. ही शुभाची असावी असं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. शुभाची नसेल तर आपण आपल्या बहिणीला हरवतो आहोत.

पण खोटं लिहिणं काही जमलं नाही. दुसऱ्या नंबरासाठी मी पाठपोट कागद भरून काढला. उत्तम, अप्रतिम, बढिया, जे जे सुचलं ते सगळं लिहिलं.

सरांनी दुसरा ग्लास संपवला. चेहरा तसाच. रिकामा ग्लास पुन्हा उचलून हुंगला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. मला वाटलं, दोष शोधताहेत. मग कागदावर दोन शब्द लिहून घडी घातली. मालतीबाईंनी एक ओळ लिहिली. तिन्ही कागद आणि अनिकेतची चिठ्ठी पाकिटात घालून खाली थांबलेल्या शेठजींच्या ड्रायव्हरकडे दिली.

शुभाला वर बोलावून मालतीबाईंनी आम्हाला जेवायलाच बसवलं. अळूचं फदफदं केलं होतं, आंबटगोड, शेंगदाणे घातलेलं. मी म्हटलं, "काय सुंदर झालंय हो! काय हात आहे तुमचा! मी तर म्हणते, असं अळू मी जन्मात खाल्लं नाही!" मालतीबाई माझ्याकडे संशयानं बघू लागल्या. सर म्हणाले, "मीठ बरोबर आहे." त्यावर बाई चक्क लाजल्या. या घरातलं मला काही उमगलं नाही.

संध्याकाळी शेठजींचा फोन आला. शुभानं स्पीकर लावला. "नाही जमलं, शुभाबाई. तुमचा दोन नंबर होता. ताईनं लय लिहिलं त्याच्याबद्दल, पण बहिणीचं मत मी कसं धरू, सांगा? बाकी दोघायनं चांगली म्हटलीच नाही. उद्या पिंप रिकामं करून टाका. वाईट नका वाटून घेऊ जी."

शुभा "बरं" म्हणाली आणि कुकर लावायला उठली. खिचडी झाली, जेवणं झाली, भांडीसुद्धा घासून झाली. शेवटी शुभा म्हणाली, "माझं पिंप मीच रिकामं करीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." मला दातारांचा इतका राग आला, की ते अळूसुद्धा आठवून कडू लागलं.

शनिवार, खडकवासल्याच्या पलीकडे

शुभा सातलाच कंपनीच्या गोदामावर गेली. मी आवराआवर करताना पिशवीत हात घातला तर आत मालतीबाईंचा टॉवेल! डोक्यावरचा काढून मी तसाच पिशवीत कोंबला होता. आता नापास करणाऱ्यांचा टॉवेल घरात ठेवायचा नाही, म्हणून रिक्षा करून पेठेत गेले. ठरवलं होतं, दारातूनच द्यायचा आणि फिरायचं.

दार सरांनी उघडलं. "या. दोन नंबर आपल्या बहिणीची, असं अनिकेत म्हणाला. बाटल्या कधी भरताहेत? आम्हाला दोन लागतील."

माझा पारा चढला. "सर, चेष्टेलाही काही मर्यादा असते. आपण नापास केलंत आणि वर बाटल्या मागता?"

"कोण म्हणालं नापास केलं?"

"आपण! आपण चांगली म्हटलं नाहीत. काय लिहिलंत त्या कागदावर?"

"बरी आहे."

"मग?"

"मग काय? बरी आहे म्हटल्यावर आणखी काय लिहायचं?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "इतक्या वर्षांत बरी असं मी दुसऱ्यांदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं त्याला आता वीस वर्षं झाली."

आतून मालतीबाई आल्या. त्यांनी लिहिलं होतं, "नावं ठेवायला जागा नाही." त्या म्हणाल्या, "अहो, हे मी माझ्या सुनेबद्दलसुद्धा म्हटलेलं नाही!"

मी मटकन चपलांच्या स्टुलावर बसले. नागपूरच्या माणसानं बरी आहे वाचलं. आमच्याकडे बरी म्हणजे ताप उतरलेल्या माणसाची तब्येत. चांगल्याला आम्ही तोंड भरून चांगलं म्हणतो, मध्यमालासुद्धा म्हणतो. मी रडत हसत सगळं सांगितलं. शेठजींना फोन लावला, तर ते पूजेला बसले होते. शुभाला लावला, तर बंद. पिंपांच्या गोदामात मोबाइल नेता येत नाही; आत हवेतच इतकी दारू असते की ठिणगीची भीती. ऑफिसच्या फोनची नुसती घंटा वाजत राहिली.

"चला," सर म्हणाले आणि किल्ली घेतली.

सरांची गाडी पंचवीस वर्षांची आणि वेग तिच्या वयापेक्षा थोडा जास्त. मोकळ्या चौकातसुद्धा ते लाल दिव्याला थांबले आणि इंजिन बंद केलं. मी म्हटलं, "सर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही!" ते म्हणाले, "दिवा आहे ना." मागच्या सीटवर मालतीबाई टॉवेलची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. धरणाच्या भिंतीपाशी शनिवारची गर्दी, कणसं भाजायला सुरुवात झालेली, पाण्यावर लख्ख ऊन. इतका सुंदर देखावा मी इतक्या रागानं कधी पाहिला नव्हता. एका आजोबांनी रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून धरणासोबत फोटो काढला. सरांनी तोही पूर्ण होऊ दिला.

गोदामात शिरलो तेव्हा शुभा हातात टॉर्च घेऊन पिंपांच्या रांगांमधून काहीतरी शोधत होती. तिचं पिंप समोर काढून ठेवलं होतं, बूच उघडं. शेजारी गोदाम सांभाळणारे बबनराव एका पोत्यावर मांडी घालून बसलेले.

"ताई? तू इथं कशी?" शुभा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "पंपाचा पाइपच सापडेना. सकाळपासून शोधतेय."

"कालपातूर हितंच हुता की मॅडम," बबनराव जागचे न हलता म्हणाले. "कुटं गेला, द्येव जाणं. आज काय घावायचा न्हाय त्यो."

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बरी म्हणजे काय ते सांगितलं. वीस वर्षं सांगितली. शुभा सरांकडे बघत राहिली. सरांनी फक्त मान हलवली, अर्धा इंच.

"म्हंजी वतायची न्हाय?" बबनरावांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग हाय पाइप." ते उठले, पोतं बाजूला केलं. खाली गुंडाळी करून ठेवलेला पाइप होता. "म्या बूच काडलं, वास आला. म्हनलं, ह्ये वतनं काय आपल्या हातनं हुयाचं न्हाय. मॅडम पन वतत्यात कशा, बगतोच."

शुभानं त्यांचे दोन्ही हात धरले. मग आम्ही सगळे ऑफिसात गेलो. शेठजींची पूजा आटोपली होती. मी त्यांना फोनवर झाल्या घोळाचा उलगडा करून सांगितला, पण ते बोलून चालून व्यापारी.

"ताई, तुम्ही बहीण आहा. दातार सरायलाच बोलू द्या नं." सरांनी रिसीव्हर घेतला. शेठजींचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू येत होता. "सर, मले ते पुण्याचं बरी-बिरी काही समजत नाही जी. आमचं ठरलं होतं, चांगली म्हटलं तं भरायची. तुम्ही एकदा सरळ सांगा, चांगली आहे का नाही?"

"मी लेखी दिलेलं आहे," सर म्हणाले.

"लिहिलेलं राहू द्या. तोंडानं सांगा."

सरांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. शुभा टेबलाची कड धरून उभी होती. बबनरावांनी टोपी काढून हातात घेतली. मालतीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, सांगा ना आता."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. खिडकीबाहेर बघत त्यांनी घसा साफ केला.

"चांगली आहे," ते म्हणाले. मग, जणू कुणी आतून ढकलल्यासारखं, "फार चांगली आहे."

आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून ते तरातरा बाहेर निघून गेले. मालतीबाई तिथल्या खुर्चीत बसल्या. "पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या, "फार हा शब्द यांना येतो, हे मला आज कळलं."

शुभा हसायला लागली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. बारा वर्षांचं असावं ते, थांबेचना. शेठजी तिकडून विचारत होते, बाटलीवर नाव काय टाकायचं, नीट लिहून घेतो म्हणून. तिला काही बोलता येईना. म्हणून मीच सांगितलं, शुभदा महादेव वानखेडे. चूक व्हायला नको म्हणून दोनदा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्यानंच.